गावच्या रेडिओवर बायकांचा कार्यक्रम सुरू करताय? आधी हे वाचून घ्या

तालुक्याला सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, तिथून तुमच्या बचत गटाला किंवा संस्थेला निरोप आलाय की ‘महिलांच्या प्रश्नांवर काहीतरी करा’, आणि आता करायचं काय हे कुणालाच नीट ठाऊक नाही. अशा मंडळींसाठी हे लिहितेय. मी अशाच एका केंद्रावर साप्ताहिक कार्यक्रम करते. आमच्या हातात माइक देऊन ‘बोला’ एवढंच सांगितलं गेलं होतं. बाकीचं करता करता कळत गेलं.

एक गोष्ट मनाशी पक्की करा. निवेदिका बाई आहे म्हणून कार्यक्रम बायकांचा होत नाही. विषय कोण ठरवतं, संपादनाची कात्री कुणाच्या हातात आहे आणि कार्यक्रमानंतर येणारा फोन कोण उचलतं, या तीन जागा बघा. तिथे बाप्येच बसलेले असतील तर तुम्ही फक्त आवाज पुरवताय.

१. केंद्र कोणत्या नियमांवर चालतं ते समजून घ्या

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं, पण सामाजिक संस्थांना स्वतःचं रेडिओ केंद्र काढायची मुभा मिळायला २००६ उजाडलं. त्याआधीची काही वर्षं ती फक्त शिक्षणसंस्थांना होती. आज आपल्याकडे म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आहे. शेजारी तेलंगणात झहीराबादजवळच्या माचनूर गावात संघम रेडिओ आहे. तो दलित शेतकरी बायका चालवतात आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी तो सुरू झाला. परवाना मिळण्याआधी कित्येक वर्षं या बायका कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून गावोगावच्या संघांच्या बैठकीत ऐकवत होत्या. म्हणजे तुमच्या भागात केंद्र नसलं तरी अडत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करा, गटाच्या बैठकीत ब्लूटूथ स्पीकरवर लावा. केंद्र आलं की तुमच्या हातात तयार माल असेल.

केंद्र असेल तर एवढं माहीत हवं:

- साधारण शंभर वॅटची ताकद. आवाज पाच-दहा किलोमीटर जातो, मधे डोंगर आला की त्याहून कमी. तेव्हा ‘सगळ्या जिल्ह्याला’ साद घालू नका, ऐकू येणाऱ्या गावांशी बोला.
- किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांनी केलेले हवेत.
- स्वतःच्या बातम्या आणि राजकारण चालत नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात.
- प्रसारित झालेलं तीन महिने जपून ठेवावं लागतं.
- २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे केंद्राच्या सल्लागार व आशय समितीत निदान निम्म्या बायका हव्यात.

शेवटचा मुद्दा वहीत लिहून ठेवा आणि पहिल्याच बैठकीत समितीची यादी मागा. कागदावर नावं असतात, बैठकीला मात्र कुणाच्या तरी ‘मिसेस’ म्हणून सही करून चहा पिऊन जातात. तुमच्यातल्या दोघी त्या समितीत गेल्या, तर पुढे एखादा भाग अडला तेव्हा त्यांचा उपयोग होईल.

बातमीच्या नियमात नवखे हमखास अडकतात. ‘परवा अमुक गावात एका सुनेला जाळलं’ असं माइकवर बोललात की ती बातमी झाली. ‘सासरी मारहाण होत असेल तर कुठे जायचं’ यावर अर्धा तास बोललात तरी हरकत नाही. घटना सांगायची नाही, मार्ग सांगायचा.

२. आधी मिक्सर, मग माइक

नव्या बायकांना बहुतेक केंद्रं आधी निवेदन शिकवतात, आणि मशीन ‘पोरं बघतील’ असं म्हणून सोडून देतात. तुम्ही उलट करा. पहिला आठवडा मिक्सरवर, म्हणजे माइकचे आवाज कमी-जास्त करायच्या मशीनवर बसा. कोणती पट्टी वर केली की कोणता माइक वाढतो, आवाज लाल रेषेत गेला की काय होतं, फाइल कुठे साठते, एवढं आलं की पुरे. संपादनाला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुष्कळ झालं. सातवी शिकलेली बाई ते आठवडाभरात शिकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

टीम चौघींची ठेवा: एक बोलणारी, एक रेकॉर्ड करणारी, एक संपादन करणारी, आणि एक फोन व नोंदवही सांभाळणारी. दर दोन महिन्यांनी कामं बदला. वस्त्यांचाही विचार करा. चौघी एकाच आळीतल्या असल्या तर दलित वस्तीतली किंवा पालावरची बाई तुमच्याशी मोकळं बोलणार नाही, आणि तुम्हाला ते कळणारही नाही.

पैशांचं आधीच बोलून घ्या. बायकांच्या कामाला मोल नाही असा कार्यक्रम करायचा आणि करणाऱ्या बायकांना फुकट राबवायचं, हे फार ठिकाणी चालतं. मानधन थोडं का असेना, पण हवं. एसटीचं भाडं, रेकॉर्डिंगच्या दिवशी बुडालेला रोज आणि अंधार पडायच्या आत घरी सोडण्याची सोय, हे केंद्राकडून लेखी घ्या.

३. विषय पारावरून नाही, चुलीपासून घ्या

विषयांची यादी वरून येते: जागतिक महिला दिन, लेक वाचवा, पोषण आहार. ती बाजूला ठेवा. आधी महिनाभर ऐका. गिरणीवर दळणाच्या रांगेत, खुरपणीच्या बांधावर, आरोग्य केंद्राच्या ओट्यावर बायका काय बोलतात ते टिपा. आमच्या भागातले विषय असे निघाले: हक्कसोड (जमिनीतला वाटा सोडल्याची बहिणीकडून घेतलेली सही), मजुरीतला फरक, पाळीत बाजूला बसणं, विधवांना हळदी-कुंकवाला न बोलावणं, सरपंचपती, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची कंबर आणि पोट. या शेवटच्या विषयाची वाच्यता २०१९ मध्ये विधिमंडळात झाली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं पुढे आली आणि चौकशी समिती नेमली गेली. गावातल्या बायका ते फार आधीपासून जाणून होत्या.

एका भागाला एकच विषय घ्या, आणि त्यात निदान एक वाट दाखवा. विधवांवर भाग केलात तर रडगाणं गाऊन थांबू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तो ठराव कसा मांडायचा, ग्रामसभेत कुणी बोलायचं, हे सांगा. ऐकणारीला दुसऱ्या दिवशी करण्यासारखं काहीतरी मिळायला हवं.

पुस्तकी शब्द स्टुडिओच्या बाहेर ठेवा. ‘सक्षमीकरण’ उच्चारलं की ऐकणारी भाजी निवडायला लागते.

४. वेळ त्यांना विचारून ठरवा

घरात रेडिओ किंवा फोन कुणाच्या हातात असतो आणि कधी, हे आधी विचारा. संध्याकाळी सातला पुरुष घरी असतात आणि टीव्हीवर मालिका. सकाळी आठला डबे. आमच्याकडे दुपारी दोन ते तीन चाललं, पण पेरणी-काढणीत तेही हलवावं लागतं. भाग दोनदा लावा, एकदा दुपारी, एकदा रात्री. ऊसतोडीची कुटुंबं दसऱ्यानंतर निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांच्यासाठी जाताना मेमरी कार्डावर भाग भरून द्या.

पुरुष ऐकतात, हे गृहीत धरा. ट्रॅक्टरवर, सलूनमध्ये, हॉटेलात ऐकतात. त्यांना घालूनपाडून बोलण्यात एक दिवस मजा येते, पण दुसऱ्या आठवड्यात घरातला रेडिओ बंद होतो.

५. पिशवीत काय न्यायचं

- रेकॉर्डर, किंवा साधा अँड्रॉइड फोन आणि कॉलरला लावायचा तारेचा माइक
- माइकवरची फोमची टोपी, वाऱ्याचा आवाज अडवायला
- कानाला घट्ट बसणारे हेडफोन
- जादा मेमरी कार्ड, पॉवर बँक
- संमतीपत्रं, शाईचं पॅड, नोंदवही
- मदतीच्या नंबरांचे छोटे कागद

फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी बहिणीचा फोन येतो. माइक तोंडापासून एक वीत, जरासा बाजूला. समोर धरला तर ‘प’ आणि ‘भ’ फटाक्यासारखे फुटतात. कॉलर माइक मंगळसूत्राजवळ लावू नका, मण्यांची घसट सगळ्या मुलाखतीभर ऐकू येते. पदराची पिन असते त्या खांद्यापाशी लावा. तुम्ही माइक हातात धरणार असाल तर आधी बांगड्या मागे सारा.

पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. गोधड्यांची थप्पी असलेली खोली किंवा कडब्याच्या गंजीचा आडोसा यापेक्षा चांगला स्टुडिओ गावात मिळायचा नाही. हेडफोन लावल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नका. गिरणीची घरघर कानाला सवयीची असते, माइकला नसते. मुलाखत झाली की अर्धा मिनिट कुणी न बोलता त्या जागेचा आवाज नुसता रेकॉर्ड करा, संपादनात जोडकामाला लागतो.

६. प्रश्न कसे विचाराल

‘तुमच्यावर अन्याय होतो का?’ याचं उत्तर ‘नाही बाई, आमचे मालक लई चांगले’ असंच येणार. दिवसाचं विचारा. काल किती वाजता उठलात? मजुरीचे पैसे घरी आल्यावर कुठे ठेवता? दवाखान्यात जायचं म्हटलं तर कुणाला सांगावं लागतं? शेवटचं माहेरी कधी गेलात, किती दिवस राहिलात? जे ऐकायचंय ते या उत्तरांतून आपोआप बाहेर येतं.

महिला सरपंचांची मुलाखत असेल तर यजमान सोबत येतात आणि तेच उत्तरं देतात. वाद घालू नका. टॉवर आणि ट्रान्समीटर दाखवायला त्यांना घेऊन जाईल असा एक हौशी माणूस केंद्रावर असतोच, त्याला तयार ठेवा.

डॉक्टर, वकील, पोलीस अधिकारी यांना पाच मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. प्रश्न आधी गटातल्या बायकांच्या आवाजात रेकॉर्ड करून न्या आणि साहेबांना ते ऐकवून उत्तर घ्या. मग भाषण होत नाही.

७. संमती आणि ओळख: इथे घाई नको

संमती तीनदा घ्या. रेकॉर्डिंगच्या आधी, रेकॉर्डिंग झाल्यावर, आणि कापून-जोडून तयार झालेला भाग तिला ऐकवल्यावर. तिसऱ्या वेळी ती ‘नको’ म्हणाली तर भाग जाणार नाही, मग तुमचा स्लॉट रिकामा पडला तरी चालेल. लिहिता न येणाऱ्या बाईची संमती तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. नुसता अंगठा घेऊ नका, कशावर दिला हे तिला कळलेलं असतंच असं नाही.

लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली येतो, आणि मूल असेल तर पॉक्सो हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदाही लागतो. नाव गाळलं की भागलं असं समजू नका. साठ उंबऱ्यांच्या गावात ‘दोन मुली झाल्यावर नवऱ्याने टाकलेली, शिलाई काम करणारी’ म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवील. गाव, मुलांची संख्या, धंदा, सगळं बदला. मशीनवर आवाज घोगरा करूनही भागत नाही, बोलण्याची ढब ओळखू येते. तिचं म्हणणं दुसऱ्या गावच्या बाईकडून वदवून घ्या आणि तसं निवेदनात सांगा.

अठरा वर्षांखालच्या मुलीने किंवा मुलाने मुलाखतीत लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर ते तुमच्याजवळ ठेवता येत नाही, कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. म्हणून शाळेत रेकॉर्डिंगला जाण्याआधी १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आणि जवळच्या पोलीस ठाण्याची पद्धत समजून घ्या. मुलांना ‘हे आपल्यातच राहील’ असं वचन कधीही देऊ नका.

८. कात्री

हक्कसोडीवरचा आमचा एक भाग सांगते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. गावात मात्र बाप गेला की पंधरा दिवसांत भाऊ तलाठ्याकडे नेतो, सही घेतो आणि साडी-चोळी करून पाठवतो. एका बाईला विचारलं, वाटा मागितला का? ती गप्प. मेथी निवडत होती, देठ मोडल्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग म्हणाली, “मागितला तर राखीला कुणाच्या दारात जाऊ?”

केंद्रावरच्या मुलाने संपादनात ती शांतता कापली, कारण रेडिओवर ‘डेड एअर’ नको असं त्याला शिकवलेलं. त्याचं चूक नव्हतं. पण ती कापल्यावर उत्तर सहज, तोंडावर असल्यासारखं वाटायला लागलं. गटातल्या बायकांनी ऐकलं आणि म्हणाल्या, ती गप्प बसली ते परत घाला. घातलं. त्या भागावर सगळ्यांत जास्त फोन आले, आणि दोन भावांचेही आले.

तेव्हा संपादनाचा नियम असा: खोकला, अडखळणं, पुनरुक्ती कापा. रडणं, हसणं, गप्प बसणं याला हात लावण्याआधी बाईला विचारा. तिची बोली ‘शुद्ध’ करू नका. ‘न्हाई’ ला ‘नाही’ कराल तर ती तिचीच राहणार नाही. सिनेमातली गाणी मधे टाकू नका, हक्काचे पैसे भरावे लागतात. त्यापेक्षा आजीबाईंकडून जात्यावरच्या ओव्या घ्या. सासू, भाऊ, माहेर, मजुरी, सगळं त्यात आहे, आणि आजी एकदा सुरू झाल्या की थांबवणं कठीण.

तयार भाग अर्ध्या तासाचा असेल तर त्यातले निदान वीस मिनिटं गावच्या बायकांचे आवाज हवेत. मोजून बघा. निवेदिकाच वीस मिनिटं बोललेली आढळेल.

९. प्रसारणानंतर

खरं काम इथे सुरू होतं. मारहाणीवरचा भाग लावलात आणि कुठे जायचं हे सांगितलं नाहीत, तर त्या बाईला उघड्यावर सोडल्यासारखं होतं. दर भागाच्या शेवटी नंबर सांगा: महिलांसाठी १८१, तातडीला ११२, मुलांसाठी १०९८. त्याबरोबर तुमच्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांचं कार्यालय कुठे आहे, कोणत्या वारी भेटतात, तेही सांगा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तक्रार हे अधिकारी नोंदवून घेतात, आधी पोलिसांत जावंच लागतं असं नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील देतं, हे फार कमी जणींना माहीत आहे. बालविवाहाची कुणकुण लागली तर ग्रामसेवकाला गाठा, तो गावपातळीवरचा प्रतिबंधक अधिकारी आहे. प्रत्येक नंबर प्रसारणाच्या आदल्या दिवशी स्वतः लावून बघा. कार्यालयं हलतात, बदल्या होतात.

फोन केंद्राच्या नंबरावर घ्या, कुणाच्याही खासगी मोबाइलवर नाही. उचलणारी बाईच हवी, आणि तिने दोन गोष्टी कटाक्षाने टाळायच्या. एक, समेट घडवून आणायला जायचं नाही. ‘मी समजावते तुझ्या सासूला’ म्हणून गेलात की मार त्या बाईला बसतो आणि गावात नाव केंद्राचं खराब होतं. दुसरी, मिस्ड कॉल आला म्हणून आपण होऊन उलटा फोन करायचा नाही. तो फोन बहुधा नवऱ्याचा असतो. आधीच ठरलेलं असेल तर करा, आणि पुरुषाने उचलला तर बचत गटाच्या हप्त्याचं विचारून ठेवून द्या. स्वतः फोन करणाऱ्या बाईला पहिला प्रश्न एवढाच: आत्ता बोलता येतंय का, परत कधी आणि कुठल्या नंबरवर?

कुणाचा नवरा किंवा दीर तणतणत केंद्रावर आला तर एकटीने सामोरं जाऊ नका. दार उघडं ठेवून, दोघींनी, बाहेरच्या ओट्यावर बोला, आत स्टुडिओत नेऊ नका. भागाची प्रत मागितली तर ‘समितीकडे अर्ज द्या’ म्हणा. समितीत तुमच्या दोघी आहेतच.

फोनच्या नोंदवहीत नाव लिहू नका. तारीख, गावाऐवजी नुसता परिसर, विषय, कुठे पाठवलं, आणि महिन्याने पुढे काय झालं, एवढेच रकाने. वही कुलपात, किल्ली फोन सांभाळणारीकडे. दर महिन्याला चौघींनी बसून ती वाचायची आणि पुढच्या चार भागांचे विषय त्यातूनच काढायचे.